'समाप्त' कुणी चोरलं?

१

एकाच आठवड्यात एकच वस्तू तीनदा चोरीला गेली. वस्तू म्हणजे काय, तर तीन अक्षरं, त्यातलं एक जोडाक्षर. समाप्त.

सोन्याची अक्षरं नव्हेत हो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रंगाने मीच लिहिलेली. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींना शुद्धलेखन शिकवण्यापेक्षा बरं, म्हणून या चित्रपट कंपनीत पाट्या लिहायला लागले. हलणारी चित्रं तेव्हा नवीनच निघाली होती. पडद्यावर माणसं धावतात, आपटतात, ओठ हलवतात, पण आवाज नाही. ती काय बोलली हे मधूनमधून पाटी दाखवून सांगावं लागतं. ती पाटी माझी. इथली मंडळी मला वेलांटीबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात तसं तोंडावरही म्हणतात, म्हणून मला त्याचा राग नाही.

आमचं चित्र जेमतेम दहा मिनिटांचं होतं. नाव 'भिंतीवरची पोरं'. शेजारशेजारच्या घरांतली दोन मुलं एका चेंडूवरून भांडतात. एकीची आई येते, दुसऱ्याचा बाप येतो, झाडू निघतात, बादल्या निघतात, मध्यस्थी करायला आलेला बिचारा शेजारी दोन्हीकडून मार खातो. तोवर मुलांचं भांडण मिटलेलंसुद्धा असतं. ती दोघं मधल्या भिंतीवर बसून पाय हलवत मोठ्यांची मजा बघतात. मग समाप्त.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आम्ही ते एकदा शेवटचं चालवून पाहिलं. दुपारी चार वाजता थिएटरवाले येणार होते. त्यांना पसंत पडलं तर चित्र लोकांसमोर जाणार, नाहीतर डब्यात. मालकांनी कपाटाचं कुलूप काढून डबा आणला. झाकणावर मी काल चिकटवलेली कागदी पट्टी जागच्या जागी होती. तरी ती बघून मला उगाचच चुटपुट लागली. मी फळ्याकडे पाठ केली की मागे कुणीतरी काहीतरी चुकीचं लिहितंय असं वर्गात वाटायचं ना, तशी. पण सगळ्यांना घाई होती. मालकांनी चाकूने पट्टी कडेने कापली आणि रीळ यंत्रावर चढवलं.

भिंतीवर मुलं बसली. मुलांनी पाय हलवले. आणि पडदा एकदम पांढराफटक झाला.

"पुन्हा!" मालक ओरडले. ते उठले, खोलीचं लोखंडी दार लावलं, आतून किल्ली फिरवली आणि ती मुठीत धरून दाराला पाठ लावून उभे राहिले. "चोर या सातांतलाच आहे. तो सापडेपर्यंत इथून मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही."

२

ती खोली म्हणजे फिल्म कापायची आणि जोडायची खोली. फिल्म पेटली तर गवताच्या गंजीसारखी पेटते, म्हणून तिथे यंत्रातल्या दिव्याखेरीज दिवा नाही, काडी नाही, दार लोखंडी आणि भिंती हातभर जाड. उंचावर एकच गजांची खिडकी. जोडकामाच्या डिंकाला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो आणि तो वास खोलीतून कधी जात नाही. दोन माणसं तिथे ठीक. सात म्हणजे बरणीत कोंबलेलं लोणचं.

"बाई," मालक म्हणाले, "वर्गातल्या पेन्सिलचोऱ्या पकडण्यात तुमची हयात गेली. ही पकडा."

"माझ्यावर संशय नाही का?"

"तुम्हालाच दरवेळी उठून काम करावं लागतं. तुम्ही कशाला चोराल?"

हे मात्र खरं होतं. सोमवारी मी पाटी लिहून ओली असतानाच मेजावर वाळत ठेवली, तर जेवून येईपर्यंत पाटीच गायब. मंगळवारी दुसरी लिहिली. आमच्या कॅमेरावाल्या मामांनी तिचं चित्र घेतलं. बुधवारी त्या फिल्मचा तुकडा इतर पाट्यांसोबत खुंटीवर वाळत होता, त्यातून नेमकं 'समाप्त' गेलं. पाट्यांची एकच प्रत आम्ही काढतो, त्यामुळे गेलं म्हणजे गेलंच. गुरुवारी मामांनी पुन्हा चित्र घेतलं, ते रिळाला जोडलं, डबा बंद झाला, मी पट्टी चिकटवली. आणि आज हे.

कुणाचं काय अडलं होतं या शब्दावाचून? चोराला कळायला नको का, की त्याची किंमत शून्य आहे? मी स्वतःशीच विचार करत होते, तेवढ्यात वहिनी बोलल्या. वहिनी म्हणजे मालकांच्या पत्नी. कापाकापी आणि जोडकाम सगळं त्यांच्या हातचं. चित्रातली भांडकुदळ आई त्याच आणि पलीकडचा बाप मालक. भिंतीवरची पोरंही त्यांचीच, थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा.

"थोरले," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बाबांना सांग, पोरांना कोंडायची गरज नव्हती म्हणावं."

मालक तीन हातांवर उभे होते. थोरली मान खाली घालून म्हणाली, "बाबा, आई म्हणते, आम्हाला कोंडायची गरज नव्हती."

"आईला सांग, चोर पोरांच्या उंचीचाही असू शकतो."

"आई, बाबा म्हणतात..."

"ऐकलं मी."

महिनाभर हे असंच चाललं होतं. भांडण कशावरून सुरू झालं ते आता त्यांनाही आठवत नसेल. पण शेवट कसा होणार हे कंपनीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. चित्र संपलं की वेगळं व्हायचं. वहिनी थोरलीला घेऊन माहेरी, दोन दिवसांच्या प्रवासावर. धाकटा बापाजवळ. पातेली वाटून घ्यावीत तशी त्यांनी पोरं वाटून घेतली होती, आणि दोघांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं. चारचौघांत बोललेला शब्द म्हणजे पायातली बेडी. आता माघार घेईल तो हरला.

मला त्या दोघांचा राग यायचा. दोन थपडा द्याव्यात असं वाटायचं, पण पालकांना थपडा द्यायची सोय कुठल्याच शाळेत नाही.

"एकेकाला यंत्रामागे पाठवा," मी म्हटलं. "उरलेल्यांनी तोंडं भिंतीकडे करा. आणि कान झाका."

३

पहिला पैलवान आला. चित्रात मार खाणारा शेजारी तोच. अंगाने दरवाजाएवढा, मनाने सशाएवढा.

"तुझं नाव पाटीवर घेतलं नाही म्हणून तू रुसला होतास," मी म्हटलं.

"रुसलो होतो बाई. अजूनही रुसलोय."

"मग?"

"मग मी माझ्या नावाची पाटी चोरली असती ना! पण ती आहेच कुठे चोरायला?" त्याचे डोळे भरून आले. त्याला मी परत पाठवलं. पुढच्या चित्रात याचं नाव ठळक लिहायचं असं मनाशी ठरवलं.

मग मामा. मामा म्हणजे वहिनींचा सख्खा भाऊ आणि आमचा कॅमेरावाला. त्यांना भिंतीवरचं शेवटचं दृश्य पुन्हा घ्यायचं होतं, कारण कोपऱ्यात त्यांची स्वतःची सावली पडली होती. चित्र लांबावं असं त्यांना वाटण्याजोगं होतं.

"सावली नडते मला, बाई, शब्द नाही," मामा म्हणाले. "आणि हे बघा, बहीण माझी, मेव्हणा माझा. मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. शुक्रवारचे चार कधी वाजतात आणि मी झोपायला कधी जातो, एवढंच माझं मागणं."

मामा खरं बोलत होते. महिनाभर दोघांच्या मध्ये उभं राहून त्यांचा पार जात्यातला दाणा झाला होता.

खिडकीतलं ऊन आता मेजावर आलं होतं. पाण्याचा तांब्या रिकामा झाला. मालक कान झाकायचं सोडून दारापाशी हातातला कागद एकदा जवळ, एकदा लांब धरून वाचत होते.

"चष्मा कुठे गेला?" मी विचारलं.

"घरी राहिला."

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात चष्म्याची डबी मात्र चांगली फुगून बसली होती. मी ते पाहिलं आणि, कबूल करते, विसरले. उकाडाच तसा होता.

धाकट्याला बोलावलं. तो आला आणि मी काही विचारायच्या आधीच हाताची घडी घालून उभा राहिला.

"पाटी कुणी घेतली रे?"

"मला नाही माहीत."

"घाबरू नकोस. मी रागावत नाही."

"सगळ्या बाई असंच म्हणतात आणि मग रागावतात."

"बरं, रागावेन. पण थोडंच. तू घेतलीस?"

"नाही!" त्याला तो आरोप फार लागला. "मी हातसुद्धा नाही लावला. मी फक्त जिन्यात उभं राहून राखण केली."

४

थोरली यंत्रामागे आली तेव्हा तिला कळलं होतं की भावाने भांडं फोडलं. ती माझ्याकडे न बघता फ्रॉकची कड पिळत उभी राहिली. चित्रातला फ्रॉक होता तो. थिएटरवाल्यांसमोर मुलांनी चित्रातलेच कपडे घालावेत असं ठरलं होतं. आणि आज तिने तो उलटा घातला होता, शिवणी बाहेर. मंगळवारीही मी तिला टोकलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, उलटा घातला की गार वाटतं.

"सुलटा कर बघू."

"नको."

"मी पाठ करते."

मी पाठ केली. कापडाची सळसळ थांबली तेव्हा वळून पाहिलं. तिच्या छातीवर माझंच अक्षर होतं, आरशात दिसावं तसं उलटं, काळं, पुसट. समाप्त. ओली पाटी छातीशी धरून पळाली होती पोर.

मी तीस वर्षांत पुष्कळ चोर पाहिले. अंगावर चोरीचा माल छापून फिरणारा हा पहिलाच. मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी ते आवरलं.

"कुठे आहे पाटी?"

"याच्या गादीखाली." तिने भावाकडे बोट दाखवलं.

"का घेतलीस?"

तिने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. दोघं भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण एका भिंतीकडे नव्हे. "आई भांडताना म्हणाली होती ना, समाप्तची पाटी लागू दे. पाटी लागलीच नाही तर..." तिला पुढचं वाक्य जमेना. "याला एकट्याला झोप येत नाही, बाई. मी नसले की हा रात्री उठून बसतो. बाबांना ते माहीतच नाही."

आता मला माझं सांगितलं पाहिजे. भांडणाचा तो प्रसंग मामांनी एका दमात घेतला होता. मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते. वहिनी आणि मालक चित्रातल्या भिंतीच्या दोन बाजूंनी भांडायला लागले आणि बघता बघता खरंच भांडायला लागले. सगळ्यांनी ऐकलं. वहिनी म्हणाल्या, "समाप्तची पाटी लागू दे, मग तू मोकळा आणि मी मोकळी." नवऱ्याला त्यांनी अरेतुरे केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण कॅमेऱ्याला कान नसतात. चित्रात फक्त ओठ हलले, आणि ते इतके झकास हलले की मालकांनी तो प्रसंग तसाच ठेवला. त्या ओठांवर पाटी मी लिहिली. 'माझ्या पोरीच्या चेंडूला हात लावशील तर लिंबासारखा पिळीन!' लोक पोट धरून हसतील असं म्हणत मी ती लिहिली. पोरगी शेजारी उभी राहून रंगाची वाटी धरत होती. तिला खरं वाक्य माहीत होतं. मला लाज वाटली.

"खुंटीवरचा तुकडा पण तूच घेतलास?"

"नाही!"

"आणि रिळातला?"

"नाही बाई. आईशपथ." मग तिने घाईघाईने जोडलं, "बाबाशपथ पण. दोघांची."

दोघांची शपथ घेणारं मूल खोटं बोलत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून एक चोर शोधत होते, आणि चुकले ते तिथेच.

५

मी पाट्यांचा डबा उघडला. बुधवारी 'समाप्त' कापून उरलेला तुकडा मी तसाच जपून ठेवला होता. तो खिडकीच्या उजेडात धरला. 'दुसऱ्या दिवशी', 'अरे देवा!', 'धावा, धावा!' आणि मग कापलेली कड.

घाईत चोरणारा माणूस कशीही कात्री मारेल. ही कड दोन चित्रांच्या बरोबर मधल्या रेघेवर कापली होती. तेवढंच नाही. कडेवरचा चिकट थर केसभर खरवडून साफ केला होता. दोन तुकडे जोडायचे तर आधी कड अशी खरवडावी लागते, नाहीतर डिंक धरत नाही. म्हणजे चोराने चोरी केली आणि जाता जाता पुढच्या जोडाची तयारीही करून ठेवली. हाताला वळण लागलेलं असतं. शिंप्याने दुसऱ्याचा दोरा चोरला तरी तो तोंडाने ओला करून टोक काढूनच नेईल.

त्या खोलीत असं वळण लागलेले हात दोनच होते, आणि ते एकाच बाईचे होते.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातात तुकडा पाहिला. त्यांचा हात आपोआप बाहीवर गेला.

राहिली तिसरी चोरी. वहिनींकडे कपाटाची किल्ली नव्हती, पोरांकडे तर नाहीच. आणि डब्यावरची माझी पट्टी न फाडता रीळ बाहेर काढणं कुणालाच शक्य नव्हतं. मी झाकण उचललं, मघाशी कापलेली पट्टी डोळ्यांजवळ धरली, आणि सकाळपासून बोचणारा काटा सापडला.

पट्टीवर लिहिलं होतं, 'भिंतीवरचि पोरं'.

'ची'ला पहिली वेलांटी! माझ्या हातून? मला मेल्यावर तिरडीवर कुणी पहिली वेलांटी दिली तरी मी उठून बसेन. ती पट्टी माझी नव्हतीच. कुणीतरी माझी फाडली, काम उरकलं, आणि माझ्या अक्षरासारखं अक्षर काढून नवी चिकटवली. अक्षर बऱ्यापैकी साधलं होतं. वेलांटी नाही साधली. कंपनीत एकच माणूस शेवटच्या 'ची'ला पहिली वेलांटी देतो. तीन वर्षं मी त्याचे कागद सुधारतेय आणि तीन वर्षं तो म्हणतोय, "बाई, वेलांटी कुठूनही फिरली तरी अर्थ पोचतो ना?"

"मालक," मी म्हटलं, "चोर सापडला. खरं म्हणजे चोर सापडले. तीन चोऱ्या, तीन चोर. आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नाही."

मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. चष्म्याशिवायही त्यांना ती वाचता आली असावी, कारण चेहरा पांढरा पडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या सकाळपासून आम्ही याच तोंडून ऐकत होतो.

"मला हवा पाहिजे," ते पुटपुटले. वळून त्यांनी कुलपात किल्ली घातली आणि जीव खाऊन फिरवली. कट् असा आवाज झाला. मालकांच्या हातात किल्लीची कडी राहिली. बाकीची किल्ली कुलपात.

६

पैलवानाने खांदा लावून पाहिला. दार लोखंडी, आणि आतल्या बाजूला उघडणारं. "बाई, मी चित्रातला पैलवान आहे," तो खांदा चोळत म्हणाला. मामा खुर्चीवर चढून गजांतून हाका मारायला लागले. आवारात चिटपाखरू नव्हतं. चार वाजता थिएटरवाले येतील तेव्हाच कुणी येणार.

तोवर आम्ही सात जण, केळ्यांचा वास, आणि मध्ये ती गोष्ट.

एक सांगते. ही दोघं महिनाभर भांडली, पण दर भांडणात कुणीतरी एक उठून बाहेर जायचं. दार आपटायचं, की झालं भांडण. त्या दुपारी पहिल्यांदाच बाहेर नावाची जागा शिल्लक नव्हती.

"काढा," मी म्हटलं. "दोघांनीही."

वहिनींनी बाहीची शिवण उसवली. आत बोटभर गुंडाळी होती. मालकांनी चष्म्याची डबी उघडली. तिच्यात चष्मा नव्हता. मेजावर दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी पडल्या, एकच शब्द दोनदा. मामा आणि पैलवान आपण होऊन भिंतीकडे वळले. "मी ऐकत नाहीये," मामा म्हणाले.

मालक थोरलीच्या डोक्यावरून बोलले. "आईला सांग... पहिल्यांदा पाटी गेली तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा तुकडा गेला तेव्हाही. मग काल सगळं जोडून झालं. कुणी चोरीना. तेव्हा मीच घरी नेऊन कापलं. म्हटलं, त्याच चोराच्या नावावर खपेल. थिएटरवाले महिनाभर पुढे ढकलतील, आणि महिनाभरात..." ते थांबले. "एवढं सांग."

थोरली फ्रॉकची कड पिळत राहिली.

"बाबांना सांग," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "त्यांना सांग, की सोमवारी पाटी गेली तेव्हा मला वाटलं, बुडत्याला काडी मिळाली. बुधवारी बघते तर नवी पाटी खुंटीवर. मग मी..."

थोरली गप्प.

"सांग ना गं."

"मी नाही सांगणार," थोरली म्हणाली. "मी आता कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. महिनाभर सांगतेय. तुमच्या दोघांच्या तोंडात जीभ आहे." आणि ती जी रडायला लागली ती अशी, की मोठ्या माणसांनी चोरून रडावं. अजिबात आवाज न करता. धाकटा धावत गेला आणि तिच्या फ्रॉकला, त्या उलट्या समाप्तवर, कपाळ लावून उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

माझ्या पाट्यांनी मी किती माणसांच्या तोंडी किती वाक्यं घातली असतील. त्या वेळी मला एक शब्द सुचेना. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघंही आपापल्या शब्दात अडकलेले होते. वाटलं, हे दार उघडेल, कुलूपवाला येईल, आणि हे दोघं तसेच राहतील.

मग वहिनींनी मेजावरची रिकामी डबी उचलली. उघडली, मिटली.

"अहो," त्या म्हणाल्या. "चष्मा कुठाय तुमचा?"

मालकांनी कोटाच्या रिकाम्या खिशावर हात फिरवला.

"घरी. उशीखाली," ते म्हणाले. "डबीत जागा नव्हती."

"फुटेल ना तो."

"फुटेल खरा."

एवढंच. मी काही भाबडी नाही. चष्म्याची चौकशी केल्याने फाटलेला संसार शिवला जात नाही, हे मला कळतं. पण महिनाभरात दोघांच्या मध्ये कुणालाही उभं न करता झालेलं ते पहिलं बोलणं होतं. मामांनी भिंतीकडे बघतच नाक पुसलं.

चारला थिएटरवाले आले. गजांतून आमचे चेहरे बघून ते आधी घाबरले, मग त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून घेतलं. त्याला कुलूप काढायला तासभर लागला. दार उघडलं तेव्हा आत आलेली हवा मला अजून आठवते. आम्ही बाहेर पडायच्या ऐवजी थिएटरवाल्यांनाच आत घेतलं आणि खिडकीवर काळं कापड टाकून चित्र लावलं.

थिएटरवाले हसले. बादली उलटली तेव्हा हसले, पैलवानाने मार खाल्ला तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. वहिनींचे ओठ हलले, माझी लिंबाची पाटी आली, ते पुन्हा हसले. आम्ही नाही हसलो. मुलं भिंतीवर चढली, पाय हलवले, आणि पडदा पांढरा झाला. दोन्ही गुंडाळ्या मेजावर होत्या. मालकांनी त्यांना हात लावला नव्हता. वहिनींनीही नाही.

यंत्र रिकामंच फिरत राहिलं.

"म्हणजे?" थिएटरवाल्यांनी विचारलं. "संपलं का?"

मालकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मालकांकडे. थोरलीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात धाकट्याच्या मुठीत होता.

"अहो, संपलं की नाही? पाटी कुठाय शेवटची?"

"पाटी अजून ओली आहे," मी म्हटलं. "वाळली की कळवू."